गुंतवणुकीसाठी पहिला फ्लॅट किंवा प्लॉट घेताना: कायदा आणि कर्जाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राहायला घर घेणं वेगळं आणि भाड्यासाठी किंवा पुढे विकण्यासाठी घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या खरेदीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या व्यवहारांना लागू आहेत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू असल्याने जुन्या कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून आयकराची कलमं दिलेली नाहीत.

१. ६० लाखांचा फ्लॅट घ्यायचाय. स्वतःचे किती पैसे हातात हवेत?

"बँक ८० टक्के देते, म्हणजे १२ लाख जमवले की झालं" हा हिशेब दर वेळी चुकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. या किमतीत स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी धरत नाहीत (अपवाद: १० लाखांपर्यंतची घरं).

पुण्यात बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट धरू. कर्ज जास्तीत जास्त ४८ लाख, स्वतःचे १२ लाख. स्टॅम्प ड्युटी सेससह ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. बेरीज १९ लाख ५० हजार. त्यात वकिलाची फी, बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणखताची स्टॅम्प ड्युटी आणि बिल्डरने ताब्याच्या वेळी मागितलेला एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स मिळवा. जीएसटीची रक्कम कर्जात धरणार का, हे बँकेकडून आधी लेखी घ्या.

मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के आहे. करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर ड्युटी बसते. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळालेल्या किंवा रिसेल फ्लॅटवर जीएसटी नाही. ४५ लाखांपर्यंतच्या छोट्या घरांना १ टक्का जीएसटी आहे. त्यासाठी कार्पेटची (भिंतींच्या आतल्या वापरायच्या क्षेत्राची) मर्यादा मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर आणि पुण्यात ९० चौरस मीटर आहे. किंमत ४५ लाख १ हजार झाली तरी ही सवलत जाते.

२. भाड्यातून हप्ता फिटेल का?

मोठ्या शहरांतल्या फ्लॅटच्या बाबतीत, कर्ज ८० टक्के असेल तर, नाही. वरचेच ४८ लाख ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण ४१,६५० रुपये येतो. त्या फ्लॅटला १८ हजार भाडं आलं, तर दरमहा २३ हजार ६५० खिशातून जातात. मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि वर्षातला एखादा रिकामा महिना वेगळाच. पहिल्या हप्त्यातले ३४ हजार नुसतं व्याज असतं.

करबचतीचा आधारही आता तोकडा आहे. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते आणि मग कर्जाचं व्याज वजा होतं. इथे तोटा आला, तर जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वळता करता येतो. नव्या प्रणालीत तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. एजंटच्या जुन्या एक्सेल शीटमध्ये हा फरक सहसा नसतो.

हातात जादा पैसे आले की मुद्दल फेडत राहा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.

३. विसार पावती, साठेखत, करारनामा, खरेदीखत: मालकी नेमकी कशाने मिळते?

मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखताने. विसार पावती हा बयाण्याचा पुरावा. साठेखत म्हणजे "पुढे विकीन" असा करार. त्याने मालमत्तेत हक्क तयार होत नाही, करार पाळण्याची मागणी तेवढी करता येते. बिल्डरकडून फ्लॅट घेताना जो नोंदणीकृत करारनामा होतो, त्यावर स्टॅम्प ड्युटी आधीच पूर्ण भरली जाते. जमीन आणि इमारत पुढे अभिहस्तांतरणाने (कन्व्हेयन्स) सोसायटीच्या नावे होते.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतरच्या चार महिन्यांत दंड भरून करता येतो, पुढे नाही.

"कुलमुखत्यारपत्र करून देतो, ड्युटी वाचेल" असं कुणी म्हणालं तर उठून या. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच स्पष्ट केलं आहे. नोटरी केलेल्या पाचशेच्या स्टॅम्पपेपरचंही तेच.

४. बिल्डर म्हणतो, "आता २० टक्के भरा, करारनामा पुढच्या महिन्यात करू." भरायचे का?

नाही. रेरा कायद्याच्या (बिल्डरच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "बुकिंग रक्कम", "प्री-लाँच ऑफर", "स्वारस्यपत्र" (ईओआय) अशी नावं दिली तरी मर्यादा तीच.

शिवाय महारेराकडे (रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी होण्याआधी प्रकल्पाची जाहिरात किंवा विक्री करायलाच बंदी आहे (५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेले छोटे प्रकल्प वगळून). त्यामुळे प्री-लाँचचा स्वस्त दर म्हणजे बहुतेक वेळा नोंदणी नसलेल्या प्रकल्पाला दिलेलं बिनतारणी कर्ज. चेकच्या मागे काहीही लिहिलेलं असो.

५. महारेरा नंबर आहे, म्हणजे प्रकल्प सुरक्षित ना?

नंबर म्हणजे नोंदणी, हमी नव्हे. पण त्या नंबराने जी माहिती उघडते ती सोन्यासारखी आहे, आणि बहुतेक जण ती उघडतच नाहीत. ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करून पुढच्या गोष्टी बघा.

पहिली म्हणजे पूर्णत्वाची तारीख: मूळ कोणती, सुधारित कोणती, किती वेळा पुढे ढकलली. विक्री प्रतिनिधी सांगतो ती तारीख आणि इथली तारीख यांत दीड-दोन वर्षांचं अंतर असेल, तर करारात इथलीच येणार हे धरून चाला. मग बोजा: जमीन किंवा प्रकल्प कुठल्या वित्तसंस्थेकडे गहाण आहे का. असेल तर तुमच्या फ्लॅटपुरतं त्या संस्थेचं ना-हरकत पत्र करारासोबत घ्या. मग खटले, टायटल रिपोर्ट (मालकी हक्काचा वकिली अहवाल) आणि मंजूर नकाशा. बारा मजल्यांची मंजुरी असताना अठराव्या मजल्यावरचा फ्लॅट विकला जात असेल, तर तो अजून कागदावरसुद्धा नाही.

दर कार्पेट एरियावरच काढा. सुपर बिल्टअपचा आकडा कायद्याला माहीत नाही.

ताबा रखडला तर कलम १८प्रमाणे दोन वाटा आहेत: प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह परतावा, किंवा थांबून ताब्यापर्यंत दरमहा व्याज. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेचा आधारभूत कर्जदर) २ टक्के जास्त. आदेश मिळणं आणि पैसे खात्यात येणं यांत मात्र बराच काळ जाऊ शकतो, म्हणून हे गुंतवणुकीच्या हिशेबात धरू नका.

६. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे टायटल क्लिअर. मग वेगळा वकील कशाला?

बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो. तुमचा हप्ता तुमच्या पगारातून येतो, त्यामुळे मालमत्तेत घोळ निघाला तरी तो भरावाच लागतो. बँक जे सहसा तपासत नाही ते असं: सोसायटीची थकबाकी, पार्किंग खरंच दिलेलं आहे का, भाडेकरूचा ताबा, विक्रेत्याच्या कुटुंबातला वाद.

स्वतःच्या वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्या. त्यात दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक २ च्या (इंडेक्स २) नोंदी, सरसाई या केंद्रीय नोंदवहीत गहाणाची तपासणी, ई-कोर्ट्सवर विक्रेत्याच्या नावाने खटल्यांचा शोध आणि वर्तमानपत्रात १४ दिवसांची जाहीर नोटीस येते. नोटिशीचा खर्च वाचवू नका. हरकत घेणारे भाऊबंद तिथेच बाहेर येतात.

७. रिसेल फ्लॅट घेतोय आणि विक्रेत्याचं कर्ज अजून चालू आहे. व्यवहार कसा करायचा?

नेहमीचाच प्रकार आहे, क्रम चुकला नाही तर अडचण नाही. आधी विक्रेत्याने त्याच्या बँकेकडून दोन पत्रं आणायची: बाकी रकमेचं पत्र आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. ही यादी करारनाम्यांच्या साखळीशी एकेक करून जुळवा. बिल्डर ते पहिला मालक, पहिला ते दुसरा, असे सगळे नोंदणीकृत करार, त्यांच्या नोंदणी पावत्या आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हवं. मग करार नोंदवा. तुमची बँक बाकी रकमेचा चेक थेट त्याच्या बँकेच्या कर्जखात्याच्या नावाने काढते आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला देते. विक्रेत्याला पैसे देऊन "तू कर्ज फेड" असं कधीही करू नका.

कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई.

साखळीतला एखादा मूळ करार हरवला असेल, तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस आणि निबंधकाकडून प्रमाणित प्रत हे तिन्ही विक्रेत्याने करून द्यायचं. बँकांचं मात्र यावर एकमत नसतं. काही अशा फ्लॅटवर कर्जच देत नाहीत.

आणखी एक. मालक वारलेला असेल आणि नॉमिनी विकत असेल, तर थांबा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सभासद करते, एवढंच. बाकी वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, किंवा करारावर त्या सगळ्यांच्या सह्या, याशिवाय पुढे जाऊ नका.

८. विक्रेता काही रक्कम रोखीत मागतोय. तोटा कुणाचा?

दोघांचा, आणि तुमचा जरा जास्त. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूने बघा: ती रक्कम करारात नाही, म्हणून तिच्यावर कर्ज नाही, व्यवहार फिसकटला तर परत मागायला पुरावा नाही, आणि पुढे विकताना खरेदी किंमत कमी दिसल्याने तुमचाच नफा फुगतो. रेडी रेकनरची किंमत कराराच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असली, तर तो फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो.

९. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) मी कापायचा की बिल्डरने भरायचा?

तुम्ही. किंमत किंवा रेडी रेकनर मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विक्रेत्याला देताना १ टक्का कापून पॅनच्या आधारे ऑनलाइन भरायचा. बिल्डरला टप्प्याटप्प्याने देत असाल तर प्रत्येक टप्प्यावर. मुदत: कापलेला महिना संपल्यापासून ३० दिवस. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आणि वर व्याज.

"आम्ही दोघं खरेदीदार, प्रत्येकी ३५ लाख, म्हणून टीडीएस नाही" हे १ ऑक्टोबर २०२४पासून चालत नाही. सगळ्या खरेदीदारांची रक्कम एकत्र धरतात. बँकेने थेट दिलेल्या हप्त्यातूनही टीडीएस तुमच्याच नावावर निघतो, त्यामुळे प्रत्येक वितरणाआधी बँकेला आठवण करा.

विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्का लागूच होत नाही आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. कपात खूप जास्त दराने होते. विक्रेत्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल, तर ती पूर्ण विक्री किमतीवर करणं सुरक्षित. विक्रेत्याचा निवासी दर्जा विसार देण्याआधीच लेखी घ्या.

१०. पत्नीच्या नावावर घेतलं तर फायदा होतो का?

स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते, पण घर निवासी असेल आणि खरेदीदार फक्त महिलाच असतील तर. पतीचं नाव जोडलं की सवलत जाते. घर पुढे पुरुषाला विकण्यावरची १५ वर्षांची अट २०२३मध्ये निघाली.

पैसे तुम्ही दिले असतील तर भाडं मात्र तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. कर वाचवायला नाव बदललं, असं होत नाही.

११. ताबा मिळण्याआधीच विकायचं आहे. स्टॅम्प ड्युटी दोनदा जाते का?

बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट करारापासून तीन वर्षांत पुढे विकला, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात आधी भरलेली ड्युटी नव्या व्यवहाराच्या ड्युटीत समायोजित होते. ही मुदत पूर्वी एक वर्ष होती, २०२२मध्ये वाढली. व्यवहारात यासाठी मूळ करारात "खरेदीदार हा गुंतवणूकदार आहे" असा स्पष्ट उल्लेख मागितला जातो. नोंदणीनंतर तो घालता येत नाही, म्हणून मसुदा वाचतानाच बघा.

पण हेच वाक्य उलटूही शकतं. ताबा रखडल्यावर "हा गुंतवणूकदार आहे, ग्राहक नाही" असा बचाव बिल्डर घेतो. म्हणून त्या कलमातच "रेरा कायद्याखालचे सदनिकाधारक म्हणून असलेले हक्क अबाधित" असं जोडून घ्या. आणि पुढे विकायला बिल्डरचं ना-हरकत पत्र लागेल का, चौरस फुटाला किती हस्तांतरण शुल्क आहे, लॉक-इन (विकायला बंदी असलेला काळ) किती, हे त्याच बैठकीत विचारा. बऱ्याच जणांचा नफा या शुल्कातच जातो.

१२. बिल्डर दरमहा ठराविक परतावा आणि दोन वर्षांनी बायबॅक (फ्लॅट परत विकत घेण्याची हमी) देतोय. घ्यावं का?

आमचं मत: नाही. परतावा तुमच्याच पैशातून येतो आणि प्रकल्प अडला की पहिल्यांदा तोच थांबतो. बिल्डर दिवाळखोरीत गेल्यास घर खरेदीदारांना वित्तीय धनको (बँकांसारखेच पैसे दिलेले येणेकरी) मानतात, पण सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताब्याऐवजी परतावा आणि बायबॅकवर बेतलेल्या करारांना सट्टेबाज गुंतवणूक म्हणून बाजूला काढलं आहे. म्हणजे गरज पडेल तेव्हाच तो हक्क निसटतो.

१३. भाड्याने देताना ११ महिन्यांचा करार नोंदवावाच लागतो का?

हो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ही जबाबदारी घरमालकाची आहे. "११ महिन्यांपर्यंत नोंदणी नको" हा समज इतर राज्यांतून आलेला. करार नोंदवलेला नसेल, तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात.

खर्च किरकोळ आहे. भाडं २५ हजार, ठेव १ लाख, ११ महिने: एकूण भाडं २ लाख ७५ हजार, त्यात ठेवीवर वर्षाला १० टक्के दराने काढलेली रक्कम मिळवून ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे ७०० रुपये ड्युटी. शहरात नोंदणी फी १ हजार. हे सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायला विसरू नका.

सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) घेऊ शकते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. मेंटेनन्स दुप्पट करायचा अधिकार तिला नाही.

१४. विकताना कर किती?

दोन वर्षांहून जास्त काळ ठेवून विकलं, तर नफ्यावर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा फायदा न देता. मालमत्ता २३ जुलै २०२४पूर्वी घेतलेली असेल, तर निवासी व्यक्तीला निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे; ज्यात कर कमी तो घ्या. दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर बसतो. २३व्या आणि २५व्या महिन्यातल्या विक्रीत लाखांचा फरक पडतो, त्यामुळे तारीख बघून सही करा.

१५. शहराबाहेर एक-दोन गुंठे स्वस्तात मिळतायत. घ्यावेत का?

आधी सातबारा बघा. शेतजमीन असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. घेतली तर सरकारजमा होऊ शकते. भोगवटादार वर्ग २ (अटींसह दिलेली जमीन) असेल तर विक्रीलाच परवानगी लागते. "इतर हक्क" रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, अटी-शर्ती सगळं सापडतं. त्यातला प्रत्येक फेरफार काढून वाचा.

दुसरा अडसर तुकडेबंदी, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला असलेली बंदी. २०२३पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे. शहरालगतच्या काही झोनना नंतर सूट मिळाली आहे, म्हणून गटाचा झोन दाखला काढा. दहा-पंधरा जणांची नावं एकाच सातबारावर सामाईक लावून "तुमचा प्लॉट हा" असं चुन्याच्या रेषेने दाखवतात, तिथे तुम्हाला हद्द मिळत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही आणि बँक कर्ज देत नाही. मंजूर लेआउट आणि अकृषिक आदेश असलेला प्लॉट महाग वाटतो तो या कारणाने. मोठा लेआउट असेल तर प्रश्न ५मधली महारेरा तपासणी इथेही करा.

१६. बँकेच्या लिलावातला फ्लॅट खरंच स्वस्त पडतो का?

कधी कधी. अनामत रक्कम सहसा राखीव किमतीच्या १० टक्के असते. बोली जिंकली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी कमाल तीन महिने. चुकलात तर भरलेले पैसे जप्त होतात. १५ दिवसांत नवं गृहकर्ज हातात पडणं अवघड, म्हणून कर्ज आधी मंजूर करूनच बोली लावा.

नोटिशीत "प्रत्यक्ष ताबा" आहे की "सांकेतिक ताबा" हे शब्द शोधा. सांकेतिक असेल तर आत माणसं राहतायत. सोसायटीची, महापालिकेची आणि विजेची थकबाकी "जशी आहे, जिथे आहे" या वाक्याने तुमच्या गळ्यात येते. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन आकडा विचारा, सेक्रेटरी सहसा सांगतात.

१७. मी परदेशात आहे. महाराष्ट्रात किंवा गोव्यात काय घेऊ शकतो?

अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) घर किंवा व्यापारी जागा कितीही घेऊ शकतात. शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस विकत घेता येत नाहीत. पैसे बँकेमार्फत, एनआरई किंवा एनआरओ (अनिवासींसाठीच्या) खात्यातून द्या. सहीसाठी येणं जमत नसेल तर विशिष्ट व्यवहारापुरतंच मुखत्यारपत्र करा, वकिलातीत साक्षांकित करा आणि ते मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरा. हे मुखत्यारपत्र तुमच्या वतीने सही करण्यापुरतं आहे. प्रश्न ३मधल्या मुखत्यारपत्राशी त्याची गल्लत नको.

गोव्यात सातबारा नाही, फॉर्म १ आणि १४ असतो. तिथल्या नागरी कायद्यानुसार विवाहित जोडप्याची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक धरली जाते, त्यामुळे विक्रेत्याच्या पतीची किंवा पत्नीची सही खरेदीखतावर हवी. वडिलोपार्जित घर असेल तर प्रत्येक वारसाची आणि त्याच्या जोडीदाराचीही. त्यातला एखादा लिस्बनला असतो, आणि व्यवहार त्याच्यासाठी आठ महिने थांबतो.